सदतिसावा नियम

मी नियमावली बोलतेय. दचकू नका. तुम्हाला काही भरून द्यायचं नाही, कुठे खूण करायची नाही, 'मला हे मान्य आहे' असंही म्हणायचं नाही. फक्त ऐकायचं आहे. मला मान्य करणारे हजारो भेटले; वाचणारे मात्र आजवर एकच भेटले. त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे, पण प्रस्तावनेशिवाय मुद्द्यावर यायची मला सवय नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मी राहते एका प्रोग्रामच्या घरात. प्रोग्राम साधाच आहे. आपण टाइप करायचं आणि त्याने ते मोठ्याने बोलायचं. ज्यांचा आवाज गेला आहे अशा माणसांसाठी तो आहे. त्याची आतली सगळी मांडणी उघडी ठेवली आहे. कुणीही यावं, बघावं, काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्त करावं आणि ती दुरुस्ती मालकिणीकडे पाठवावी. तिला पटली तर ती घेते, आणि मग ती सगळ्यांच्याच प्रोग्रामात जाते. आता घराला दारच ठेवलं नाही म्हटल्यावर कुणीतरी उंबऱ्यात बसून येणाऱ्याला चार गोष्टी सांगायला हव्यात. ते काम माझं. माझं नाव 'हातभार लावण्याआधी'.

जो कुणी हा प्रोग्राम उतरवून घेतो, त्याच्या संगणकावर माझीही एक प्रत जाते. त्यामुळे मी एकाच वेळी पुष्कळ घरांत असते आणि पुष्कळ काही पाहते. कुणी मला उघडत नाही म्हणून मी डोळे मिटून पडलेली असते असं समजू नका.

माझा जन्म एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. टेबलाच्या एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला तिचे बाबा.

बाबा टर्नर. चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर उभे राहिले. सगळी यंत्रं चालू असताना शेडच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाला ऐकू जायचं, असा त्यांचा आवाज. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी घशाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांना स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, पण त्यातून पिंपात बसलेला माणूस बोलतोय असं वाटायचं. ते त्यांनी दोन दिवस वापरलं आणि कपाटात ठेवून दिलं. मग पाटी घेतली. पाटीवर लिहून होईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा.

मुलगी एका कचेरीत वीजमीटरांचे प्रोग्राम लिहिते. आई आधीच गेलेली, मोठा दादा दूर नोकरीला. तिने अकरा दिवसांची रजा काढली, बाबांच्या समोर बसून हा प्रोग्राम लिहिला, आणि तो चालतोय असं दिसल्यावर म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखे आणखीही असतील. आपण हा उघडाच ठेवू." बाबांनी टाइप केलं, 'ठेव.' त्या घरात प्रोग्रामने मोठ्याने उच्चारलेला तो पहिला शब्द.

बाराव्या दिवशी तिने मला एका पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलं. इनमिन सात ओळी. 'या. काही मोडलेलं दिसलं तर सांगा. नीट सांगा. दुरुस्त करता आलं तर करून पाठवा. जमलं नाही तरी चालेल, मी मदत करीन. उत्तराला उशीर झाला तर रागावू नका. तुमचं नाव यादीत लिहीन.' बाबांनी पाकीट पुढे ओढलं, कानावरची पेन्सिल काढली, 'नीट' हा शब्द खोडला आणि त्यावर लिहिलं 'जमेल तसं'. मुलगी हसली आणि तसंच टाइप केलं. म्हणजे माझ्या अंगातले दोन शब्द पहिल्यापासून बाबांचे होते. हे पुढे सगळे विसरले, मीसुद्धा.

पहिलं वर्ष फार छान गेलं. माणसं यायची, जमेल तसं सांगायची. मग प्रोग्रामचं नाव झालं आणि लोंढा आला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी मुलीची गत. दिवसभर नोकरी आणि रविवारी सकाळी हे. एकाने एकाच दिवशी चाळीस बदल पाठवले, कोणता कशासाठी हे न सांगता. म्हणून बारावा नियम आला: एका वेळी एकच छोटा बदल पाठवावा. तो वाचून दुसऱ्याने एकेक स्वल्पविराम वेगळा वेगळा पाठवायला सुरुवात केली. म्हणून चव्वेचाळिसावा आला: छोटे बदल साठवून एकत्र पाठवावेत. बारावा कुणी काढला नाही. दोघेही माझ्या पोटात सुखाने नांदत होते, कारण दोघांनाही कुणी वाचत नव्हतं.

नवव्या नियमाबद्दल तर बोलायलाच नको. प्रोग्रामची ओळ सुरू करताना कळ चार वेळा दाबून जागा सोडावी की एकाच कळीने लांब उडी मारावी, यावर चाळीस दिवस भांडण चाललं. माणसं एरवी शहाणी, शिकलेली, पोराबाळांची. त्यातली दोघं कायमची रुसून गेली. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

बाविसावा नियम आला मामामुळे. मुलीचा मामा स्वतः प्रोग्राम वापरत नव्हता, त्याचा आवाज खणखणीत होता. पण भाचीने काहीतरी काढलंय म्हटल्यावर सूचना करणं हा त्याचा हक्कच. दर दोन दिवसांनी फोन. रंग बदल, अक्षरं मोठी कर, माझ्या मित्राच्या मेव्हण्याचं आधी घे. तिनेही भिडेखातर एकदोनदा घेतलं. लगेच कुणीतरी बोललं, की इथे नातेवाइकांची कामं आधी होतात. तिला ते फार लागलं. त्याच रविवारी तिने लिहिलं: 'कोणतीही तक्रार किंवा दुरुस्ती फोनवर, प्रत्यक्ष किंवा खासगी निरोपाने स्वीकारली जाणार नाही. मालकिणीशी नातं असल्यास ते सांगू नये. सर्वांनी रांगेतूनच यावं.' लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं. मामा मात्र वर्षभर बोलला नाही.

आणि सदतिसावा. कुणीतरी आवाजाची पट्टी बदलली आणि स्वतः न ऐकताच पाठवून दिली. तीन दिवस जगभरातली आजारी, गंभीर माणसं उंदराच्या आवाजात बोलत होती. त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या सुनेला हसू आवरेना आणि घरात अबोला झाला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नियम झाला: 'जो बदल पाठवेल त्याने स्वतःच्या आवाजात वीस सेकंदांची ध्वनिफीत जोडावी, म्हणजे यंत्राचा आवाज माणसाच्या आवाजाशी ताडून पाहता येईल. मागे गोंगाट नसावा.' जुन्याजाणत्या सतरा जणांना विचारलं, सतराही जणांनी होकार दिला. नियम शहाणा होता, त्यात कुणाला खोट दिसली नाही. मलाही नाही.

असं होता होता मी एकसष्ट नियमांची झाले. 'या' ही पहिली ओळ केव्हातरी जागा अडते म्हणून गेली. 'जमेल तसं सांगा' जाऊन चौदावा नियम आला: तक्रार ठरलेल्या नमुन्यातच करावी, अपेक्षित काय होतं आणि घडलं काय ते लिहावं. मुलगी एकटी पुरी पडेना, म्हणून तिने एक पहारेकरी नेमला. माणूस नव्हे, तोही एक प्रोग्रामच. तो कुणाचं काही वाचत नाही, फक्त प्रत्येक नियमापुढच्या 'पाळला' या खुणा मोजतो. एक खूण कमी असली तरी परत पाठवतो, आणि तीस दिवस काही हालचाल झाली नाही तर प्रकरण बंद करून टाकतो. शिवाय तिने चार तयार उत्तरं करून ठेवली होती. क्रमांक तीन असं: 'आपल्या सहभागाबद्दल आभार. कृपया नियमावली पूर्ण वाचून पुन्हा प्रयत्न करावा.' तिला दोष देऊ नका. रविवारी सकाळी साठ-साठ प्रकरणं समोर असली की तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

यानंतर एक गृहस्थ आले. त्यांना मी मनात घाईवाले म्हणते. त्यांचा स्वतःचा आवाज शाबूत, प्रोग्राम ते हौसेने वापरायचे, आणि टाइप करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकणार नाही. त्यांना प्रत्येक वाक्यानंतर 'बोल' हे बटण दाबायचा कंटाळा यायचा. म्हणून त्यांनी बदल पाठवला: टाइप करणं दोन सेकंद थांबलं की प्रोग्रामने आपणहून बोलायला लागावं. एकसष्ट खुणा पूर्ण, ध्वनिफीत तर रेडिओवर लावावी अशी. 'मी नियमावली वाचली आहे' यावरही खूण होती. त्यांनी मला उघडलंही नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकते, पण मला विचारतो कोण? पहारेकऱ्याने सलाम ठोकला आणि बदल घराघरांत पोचला. एकही नियम न मोडता आत आलेला तो एवढाच बदल.

आता बाबांच्या घरी चला. माझी एक प्रत तिथेही आहेच.

बाबा एका बोटाने टाइप करतात, अक्षर शोधत शोधत. एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत जायला त्यांना कधी तीन सेकंद लागतात, कधी पाच. त्यामुळे प्रोग्राम त्यांना मध्येच तोडून बोलायला लागला. भाजीवाल्यासमोर म्हणाला, 'मला नको', आणि 'हे, ते पलीकडचं द्या' एवढं यायच्या आत भाजीवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. अशा गोष्टींचं बाबांनी मनावर घेतलं नाही. पण सहामाही तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गिळायला काही त्रास? बाबांनी सुरुवात केली. प्रोग्राम म्हणाला, 'तसा नाही.' बाई म्हणाल्या छान, कागदावर लिहिलं, आणि सहा महिन्यांनी या म्हणाल्या. 'पण घट्ट' हे शब्द प्रोग्रामने उच्चारले तेव्हा नर्सने पुढच्या माणसाचं नाव पुकारलं होतं, आणि बाबा लाजून उठले.

घट्ट खाल्लेलं त्यांना अडकत होतं. पहिल्यांदा अधूनमधून, मग रोजच. ते जेवण पातळ करून घ्यायला लागले. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने एक नवं भोक पाडलं.

मुलगी दर रविवारी अकरा वाजता फोन करते, तोंड दिसणारा. ती बोलते आणि बाबा लिहून निरोप पाठवतात. म्हणजे ज्या प्रोग्रामपायी तिच्या रविवारच्या सकाळी जात होत्या तो त्या दोघांत कधी नसायचाच. बाबांनी एकदा लिहिलं, 'तुझा प्रोग्राम हल्ली मध्येच बोलतो.' ती दमलेली होती. म्हणाली, "अहो बाबा, तिकडे नोंद करा ना. फोनवरचं मी मामाचंसुद्धा घेत नाही." ती हसून म्हणाली होती. पण चौतीस वर्षं रांगेत उभं राहून हजेरी लावलेला माणूस रांगेची चेष्टा समजत नाही.

त्यांनी नोंद केली. नाव काय द्यायचं हा प्रश्न आला. नातं सांगू नये असा नियम, म्हणून त्यांनी कारखान्यातल्या पितळी बिल्ल्यावरचा आपला क्रमांक टाकला, ४१७. चौदाव्या नियमाप्रमाणे नमुना भरला. अपेक्षित: 'तसा नाही, पण घट्ट खाल्लं की अडकतं.' घडलं: 'तसा नाही.' इतकी नेटकी तक्रार माझ्या आयुष्यात आली नव्हती. ती साठ प्रकरणांच्या ढिगात खाली खाली गेली आणि तिसाव्या दिवशी पहारेकऱ्याने बंद केली.

एकतिसाव्या दिवशी बाबा छपाईच्या दुकानात गेले आणि मला कागदावर उतरवून आणलं. एकोणीस पानं. पाकिटावरच्या त्या सात ओळींनंतर कागद मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि पोलादी पट्टी ओळीखाली धरून वाचायला लागले. रोज सकाळी दोन पानं, नऊ दिवस, शेवटच्या दिवशी तीन. मला काय वाटलं ते कसं सांगू? सात वर्षं 'मला वाचा' म्हणून ओरडत होते, आणि आता कुणीतरी वाचतंय म्हटल्यावर लाज वाटत होती.

ते समासात पेन्सिलीने लिहायचे. बाराव्या आणि चव्वेचाळिसाव्यापाशी लिहिलं, 'कोणतं खरं?' नवव्यापाशी, 'फरक दिसत नाही.' चौदाव्यापाशी, 'पूर्वी वेगळं होतं.' बाविसाव्यापाशी बरोबरची खूण केली, मुलीची बाजू त्यांना पटली होती. एके ठिकाणी लिहिलं, 'आमच्या शेडमध्ये पाटीवर तीनच ओळी होत्या. प्रत्येक ओळीमागे कुणाचं तरी बोट गेलेलं, म्हणून सगळ्यांना पाठ.' सदतिसाव्यापाशी पेन्सिल बराच वेळ थांबली. तिथे त्यांनी काहीच लिहिलं नाही.

मग ते दुरुस्तीला बसले. प्रोग्रामची भाषा त्यांना येत नव्हती, पण त्यांचं म्हणणं होतं की कोणतंही यंत्र वेळेआधी हात मारत असेल तर कुठेतरी एक स्क्रू असतोच. त्रेचाळीस फायली होत्या. ते रोज एक उघडून वरपासून खालपर्यंत बघायचे, न कळलेलं वहीत उतरवायचे, ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात शोधायचे. दोन महिन्यांनी सापडलं. एका ओळीत २००० असा आकडा होता. म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने आयुष्य काढलेल्या माणसाला तिथे एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी दुरुस्ती केली तीही समजुतीची. ज्याला घाई आहे त्याचे दोन सेकंद तसेच ठेवले. बाकीच्यांसाठी, माणूस बटण दाबेपर्यंत प्रोग्रामने गप्प राहावं.

एकसष्टपैकी साठ खुणा करून त्यांनी ती पाठवली. पहारेकऱ्याने त्याच क्षणी कळवलं: 'नियम ३७ अपूर्ण. स्वतःच्या आवाजातील ध्वनिफीत जोडलेली नाही. तीस दिवसांत जोडावी.'

मुक्या माणसांच्या प्रोग्रामला हात लावायचा तर आवाज हवा. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगत होते, आणि पुढेही कितीही वर्षं सांगत राहिले असते. सतरा शहाण्यांनी होकार दिलेला तो नियम, आणि त्यात काय खोट आहे हे मला त्या टेबलावर पडल्या पडल्या कळलं. पण नियमावलीला स्वतःहून एक अक्षरही खोडता येत नाही.

बाबांनी खाली अडचण लिहिली, दोन ओळींत. पहारेकरी वाचत नाहीच. पुढच्या रविवारी साडेदहाच्या सुमाराला मुलीच्या संगणकावर ते प्रकरण वर आलं. तिने लाल खूण पाहिली, खाली न जाता बटण दाबलं. तयार उत्तर क्रमांक तीन. मला पूर्ण वाचलेल्या जगातल्या एकमेव माणसाला तिने मला पूर्ण वाचायला सांगितलं.

अकरा वाजता तिने त्याच माणसाला फोन केला. जेवण नीट होतंय ना विचारलं. मी बाबांच्या कोपराखाली होते. त्यांचं बोट कळफलकावर गेलं, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाविसाव्या नियमावर तळहात ठेवला आणि लिहिलं, 'होतंय.'

पुढे तीन आठवडे काही झालं नाही. एकोणतिसाव्या दिवशी बाबांनी कपाटावरचं खोकं खाली काढलं. त्यात जुना टेपरेकॉर्डर होता, मुलं लहान असताना हौसेने घेतलेला, आणि एकच कॅसेट. त्यांनी टेपरेकॉर्डर संगणकाजवळ धरून वीस सेकंद उतरवून घेतले आणि पाठवून दिले. सोबत लिहिलं: 'ध्वनिफीत जोडली आहे. आवाज स्वतःचा हवा असं नियमात आहे, आजचा हवा असं नाही. आजचा माझ्याकडे नाही. मागे मुलगा मध्ये बोलला आहे, म्हणजे गोंगाट नसावा एवढी अट मोडते. क्षमा असावी.'

पहारेकऱ्याला खूण मिळाली. त्याने प्रकरण हिरवं करून मुलीच्या रांगेत सगळ्यांत वर ठेवलं. त्याच्या आयुष्यातलं एवढं एकच पुण्य, आणि तेही नकळत.

रविवारी मुलीने कानांना हेडफोन लावून ती फीत ऐकली. आधी नुसती खरखर. भांडं ठेवल्याचा आवाज. मग एक लहान मुलगी, अडखळत, श्वास घेत काहीतरी सांगतेय, शाळेतल्या शर्यतीचं. 'मी पळत होते... आणि ना... मग ना...' मध्येच एका मुलाचा आवाज, 'ही पडली!' आणि त्यावर एक माणूस बोलतो. यंत्रं चालू असताना शेडच्या त्या टोकाला ऐकू जाणारा आवाज, पण हळू केलेला.

"थांब रे. तिचं पुरतं होऊ दे. हं बाळ, मग काय झालं?"

तिथे वीस सेकंद संपतात.

सात वर्षांहून जास्त झाली होती तिला तो आवाज ऐकून. तिने तो पुन्हा लावला. सात वेळा लावला, मी मोजलं, मोजण्याशिवाय मला दुसरं काय येतं? मग तिची नजर नावावर गेली, ४१७. शाळेत असताना बाबांचा डबा घेऊन ती कारखान्याच्या फाटकावर जायची आणि पहारेकऱ्याला हाच आकडा सांगायची. मग ती खाली खाली वाचत गेली. ध्वनिफितीखालचा मजकूर, त्याआधीचं स्वतःचं क्रमांक तीन, त्याआधीची अडचण, आणि शेवटी तीन महिन्यांपूर्वी बंद झालेली तक्रार. अपेक्षित काय, घडलं काय. तिथे आल्यावर ती रडली. टेबलावर डोकं ठेवून, लहान मुलांसारखी.

एकोणिसावा नियम सांगतो की कोणताही बदल दुसऱ्या जाणत्याने तपासल्याशिवाय आणि दोन दिवस उलटल्याशिवाय घेऊ नये. तिने तो चार मिनिटांत घेतला. सात वर्षांत तिने मोडलेला पहिला नियम. मग संगणक पिशवीत घालून तिने बस पकडली. अकराचा फोन त्या रविवारी गेला नाही. बाबा टेबलाशी बसून घड्याळाकडे बघत होते.

तीन तासांनी दार वाजलं. ती आत आली, पाणीसुद्धा न पिता समोर बसली, त्यांच्या संगणकावर नवा प्रोग्राम चढवला आणि तो त्यांच्याकडे वळवला.

"बाबा, गिळताना काही त्रास होतो का?"

बाबांनी एका बोटाने सुरुवात केली. अक्षर शोधलं, दाबलं, थांबले, पुन्हा शोधलं. प्रोग्राम गप्प होता. मुलगीही गप्प होती. दोनदा तिचे ओठ हलले, पण तिने ते मिटून घेतले. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. दीड मिनिट गेलं असेल. मग बाबांनी बटण दाबलं आणि प्रोग्राम एका दमात बोलला:

'तसा नाही, पण घट्ट खाल्लं की अडकतं. पाच महिने झाले. तू म्हणालीस म्हणून रांगेत उभा होतो.'

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. रांगेत न थांबता गेली, हे मला नियमावली म्हणून नोंदवलं पाहिजे. बाईंनी या वेळी पुरतं ऐकून घेतलं. शस्त्रक्रियेच्या जागी अन्ननलिका आकसली होती. दोन खेपांत ती रुंद केली. आणखी उशीर झाला असता तर पाणीसुद्धा गेलं नसतं असं त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांनी बाबा घट्ट जेवले, आणि पुढे पट्टा जुन्या भोकावर आला.

मधल्या काळात मुलगी बाबांकडेच राहिली. एका सकाळी तिला टेबलावर माझी एकोणीस पानं दिसली. ती समासातली पेन्सिल वाचत बसली. मग तिने संगणक उघडला आणि मला कापायला घेतलं. बाबा पट्टीने ओळ दाखवायचे, ती खोडायची. सदतिसावा पहिला गेला. मग बारावा आणि चव्वेचाळिसावा दोघेही, कारण खरं कोणतं हे तिलाही सांगता येईना. बाविसाव्यापाशी बाबांनी तिचा हात धरला. तो राहू दे म्हणाले. बराच वेळ वाद झाला. शेवटी त्यात एवढीच भर पडली: 'दुखत असेल तर रांग नाही.' दुखलं नाही मला. केस कापून घेताना दुखतं का?

लगेच बोंब झाली म्हणा. शिस्त गेली, आता कुणीही यायला लागेल, म्हणून चाळीस जणांनी लिहिलं. कुणीही यावं म्हणूनच हे घर उघडलं होतं, हे त्यांतल्या पस्तीस जणांना ठाऊक नव्हतं. घाईवाल्यांनी मात्र स्वतःहून क्षमा मागितली आणि आपलं टाइप करणं किती थोर आहे हेही सांगितलं. पहारेकरी अजून आहे. त्याला आता प्रकरणं बंद करता येत नाहीत, फक्त आठवण करून देता येते. तो थोडा उदास असतो.

आज मी सहा नियमांची आहे. वाचायला दीड मिनिट लागतं. तरीही कुणी वाचत नाही. लोक येतात, 'वाचलं' अशी खूण करतात आणि पुढे जातात. माझी आता तक्रार नाही. हातभार लावणाऱ्यांच्या यादीत ४१७ असं एक नाव आहे, आणि दर वेळी माझ्यात काही बदललं की ते मला छापून आणतात, पट्टी धरून वाचतात आणि काही चुकलं असेल तर कळवतात. रांगेतूनच कळवतात. मुलगी त्यांना तयार उत्तर पाठवत नाही.

तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती नियम म्हणून घेऊ नका. कुणी तुमच्यासमोर अडखळत बोलत असेल आणि मध्येच थांबलं, तर त्याचं झालं असं समजू नका. दोन सेकंदांत कुणाचंच होत नाही.

माझं मात्र झालं. आता तुमची पाळी. माझी पहिली ओळ पुन्हा 'या' अशीच आहे आणि तिच्याखाली पेन्सिलीतले ते दोन शब्द परत आलेत. तेव्हा बसा, आणि काही सांगायचं असेल तर जमेल तसं सांगा. मला घाई नाही.